विमानातील कौटुंबिक आसनव्यवस्था

विमानातील कौटुंबिक आसनव्यवस्था म्हणजे एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबीयांना, विशेषतः लहान मुले व त्यांच्या पालकांना, शेजारची आसने देण्याची पद्धत होय. त्यासाठी वेगळे शुल्क घ्यावे की नाही, हा हवाई प्रवाशांच्या हक्कांसंबंधीचा एक वादविषय आहे.

पार्श्वभूमी

पूर्वी आसननिवड सहसा तिकिटाच्या दरातच समाविष्ट असे. कमी दराच्या विमानकंपन्यांचा प्रसार झाल्यावर आसन, सामान व भोजन यांचे शुल्क स्वतंत्रपणे आकारले जाऊ लागले. शुल्क न भरणाऱ्यांना उरलेली आसने मिळतात. त्यामुळे एकाच आरक्षणातील प्रवासीही विखुरले जाऊ शकतात.

मतभेद

आसननिवड ऐच्छिक असल्यामुळे ती नको असलेल्यांना स्वस्त तिकीट मिळते, असा शुल्काच्या समर्थकांचा युक्तिवाद आहे. विरोधकांच्या मते हा प्रश्न सोयीचा नसून सुरक्षिततेचा आहे. केबिनमधील हवेचा दाब घटल्यास पालकाने आधी स्वतः प्राणवायूचा मुखवटा लावून मग मुलाला लावायचा असतो. आपत्कालीन प्रसंगी मुलाला शोधणाऱ्या पालकामुळे इतरांचाही मार्ग अडू शकतो.

नियम

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच पीएनआरवरील किमान एका पालकासोबत आसन देण्याचे निर्देश दिले. कॅनडात २०१९ च्या नियमांनुसार ५ वर्षांखालील मुलाला अतिरिक्त शुल्काविना पालकाशेजारी बसवावे लागते. ५ ते ११ वर्षांच्या मुलाचे आसन त्याच रांगेत, मध्ये फार तर एक आसन सोडून असावे लागते. दोन्ही तरतुदी मुलांच्या वयावर आधारित असल्याने पती-पत्नी किंवा वृद्ध आई-वडील व त्यांची प्रौढ मुले यांना त्यांचा लाभ मिळत नाही.