नाइट ऑफ द लिव्हिंग डेड

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा १९६८ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन कृष्णधवल भयपट आहे. दिग्दर्शन जॉर्ज ए. रोमेरो यांचे असून पटकथा रोमेरो व जॉन रूसो यांनी लिहिली. सुमारे १ लाख १४ हजार डॉलर एवढ्या तुटपुंज्या खर्चात झालेल्या या चित्रपटाने 'झोंबी' या कल्पनेला आजचे सर्वपरिचित रूप दिले. गंमत अशी की, चित्रपटात हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही. तेथे या जीवांना 'गूल', म्हणजे प्रेतभक्षक, म्हटले आहे.

कथानक

वडिलांच्या थडग्यावर फुले वाहण्यास गेलेल्या बार्ब्रा व जॉनी या भावंडांवर एक चालते प्रेत हल्ला करते. जॉनी मरण पावतो आणि बार्ब्रा एका शेतघरात आश्रय घेते. तेथे बेन नावाचा तरुण येतो. तळघरात कूपर दांपत्य, त्यांची जखमी मुलगी आणि एक तरुण जोडपे आधीच लपलेले असते. दारेखिडक्या ठोकून वरच्या मजल्यावर लढावे, असे बेनचे मत. तळघरच सुरक्षित, असा हॅरी कूपरचा हट्ट. बाहेरच्या प्रेतांपेक्षा हा आतला कलहच अधिक घातक ठरतो.

अखेरीस एकटा बेन वाचतो, तोही ज्या तळघराला त्याने सापळा म्हटले त्यातच लपून. सकाळी बंदूकधारी शोधपथक त्याला प्रेत समजून गोळी घालते. त्याचा मृतदेह आकड्यांनी ओढून चितेवर नेल्याची दृश्ये स्थिर छायाचित्रांच्या रूपात येतात व चित्रपट संपतो. बेनची भूमिका ड्युएन जोन्स या कृष्णवर्णीय अभिनेत्याने केली. ती कृष्णवर्णीय नटासाठी लिहिलेली नव्हती. जोन्स यांची चाचणी सर्वोत्तम झाल्याने निवड झाल्याचे रोमेरो सांगत. परंतु मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या वर्षी हा शेवट पाहणाऱ्या प्रेक्षकाला त्यातील अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

निर्मिती

रोमेरो व त्यांचे सहकारी पिट्सबर्ग येथे जाहिरातपट तयार करीत. दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर घालून 'इमेज टेन' ही संस्था काढली. चित्रीकरण पेन्सिल्व्हेनियातील एव्हान्स सिटीच्या परिसरात झाले. निर्माते कार्ल हार्डमन व रसेल स्ट्रायनर यांनीच हॅरी कूपर व जॉनी यांच्या भूमिका केल्या. रक्तासाठी चॉकलेटचे सरबत वापरले, तर पार्श्वसंगीत तयार ध्वनिसंग्रहातून घेतले. कृष्णधवल फीत स्वस्त होती; पण तिच्यामुळेच दृश्यांना वार्तापटाचा खरखरीतपणा आला, जो रंगीत चित्रीकरणात क्वचितच साधला असता.

प्रताधिकार

मूळ शीर्षक 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स' असे होते. वितरक वॉल्टर रीड ऑर्गनायझेशन यांनी ते बदलले, तेव्हा शीर्षकाच्या चौकटीतील प्रताधिकाराची सूचना गळाली. तत्कालीन अमेरिकी कायद्यानुसार अशा सूचनेविना प्रकाशित झालेली कृती प्रताधिकारमुक्त होत असे. चित्रपटगृहे, दूरचित्रवाणी वाहिन्या आणि पुढे चित्रफीतविक्रेते यांनी तो मुक्तपणे वापरला. निर्मात्यांचे मोठे उत्पन्न बुडाले. मात्र त्यामुळेच चित्रपट इतका सर्वदूर पोहोचला.

प्रभाव

हैतीच्या लोकसमजुतीतील झोंबी हा मांत्रिकाचा गुलाम असतो. 'व्हाइट झोंबी' (१९३२) या चित्रपटात तेच रूप दिसते. रोमेरो यांनी हा मालकच काढून टाकला. प्रेरणा म्हणून ते रिचर्ड मॅथेसन यांच्या 'आय अ‍ॅम लेजंड' (१९५४) या कादंबरीचा उल्लेख करीत. त्यांची प्रेते कोणाच्याही आज्ञेत नाहीत. ती माणसांचे मांस खातात, त्यांच्या चाव्याने मरणारा त्यांच्यातलाच होतो आणि मेंदू नष्ट केल्याशिवाय ती थांबत नाहीत. आपल्याकडील भुताला निदान काही वासना, काही वैर असते. येथे तेही नाही, म्हणून त्याच्याशी बोलणी करता येत नाहीत. प्रेत ऊठण्याचे कारणही निश्चित सांगितलेले नाही. शुक्राकडून परतणाऱ्या यानाच्या किरणोत्साराचा केवळ तर्क बातम्यांत ऐकू येतो.

रोमेरो यांनी 'डॉन ऑफ द डेड' (१९७८) व 'डे ऑफ द डेड' (१९८५) यांत हेच विश्व विस्तारले. १९९० मध्ये टॉम सॅव्हिनी यांनी मूळ चित्रपटाची नवी आवृत्ती काढली. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत मूळ चित्रपटाचा समावेश झाला. भारतात 'गो गोवा गॉन' (२०१३) हा हिंदी विनोदी भयपट याच परंपरेतला. मराठीत आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'झोंबिवली' (२०२२) डोंबिवलीत घडतो, आणि तेथेही प्रेतांइतकाच प्रश्न उंच इमारती व शेजारची वस्ती यांच्यातील दरीचा आहे.