स्टेम सेलपासून बनवलेल्या स्नायूपेशी आणि धमन्यांचा आजार

'स्टेम सेलचे इंजेक्शन घेतले तर ब्लॉकेज जाईल का? बायपास टळेल का?' पडेगाव, मिटमिटा, छावणी भागातले असोत की दूरच्या तालुक्यातले, रुग्णांचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. म्हणून आधी आजार समजून घेऊ.

धमनीच्या भिंतीत स्नायू कशासाठी?

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. मधल्या थरात स्नायूपेशी असतात. त्या आकुंचन पावतात, सैल होतात आणि रक्तदाब सांभाळतात. धूम्रपान, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे आतल्या अस्तराला इजा होते व तिथे चरबी साचते. मग या स्नायूपेशी आपली जागा सोडून आत सरकतात. काही पेशी चरबीवर घट्ट आवरण तयार करतात, तर काही स्वतःच चरबी साठवून आजार वाढवतात. आवरण पातळ होऊन फाटले की रक्ताची गुठळी होते. त्यातूनच हृदयविकाराचा झटका येतो.

प्रयोगशाळेत काय केले जाते?

जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशींना मूळपेशींसारखे बनवून दाखवले. २०१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आता रुग्णाच्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींपासून धमनीच्या स्नायूपेशी तयार करता येतात.

याचा उपयोग काय? नवव्या गुणसूत्रावरच्या एका भागातील बदलांमुळे हृदयविकाराचा धोका वाढतो, हे २००७ मध्ये कळले. २०१८ मध्ये अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेच्या संशोधकांनी असा बदल असलेल्या लोकांच्या पेशींपासून स्नायूपेशी बनवल्या. त्या नीट आकुंचन पावत नव्हत्या. जनुकातला तो भाग काढून टाकल्यावर त्या बऱ्याच सुधारल्या. म्हणजेच या पेशी सध्या मुख्यतः आजार समजून घेण्यासाठी आणि औषधे तपासण्यासाठी आहेत. ब्लॉकेजवरचा तो नेहमीचा उपचार नाही.

मग भारतात मंजूर झालेले औषध कोणते?

बेंगळुरूच्या स्टेम्प्यूटिक्स कंपनीच्या स्टेम्प्यूसेल या औषधाला पायाचा रक्तपुरवठा अतिशय कमी झालेल्या रुग्णांसाठी मंजुरी आहे. विडी-सिगारेटमुळे होणाऱ्या बर्जर आजारासाठी ती २०१६ मध्ये मर्यादित स्वरूपात मिळाली होती. हे औषध दात्याच्या अस्थिमज्जेतील पेशींपासून बनते. ते स्नायूपेशींचे औषध नाही आणि हृदयाच्या ब्लॉकेजसाठीही नाही.

पैसे देण्यापूर्वी काय विचाराल?

- हा उपचार मंजूर आहे की चाचणी आहे?
- चाचणी असेल तर भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीचा क्रमांक कोणता?
- नैतिकता समितीची परवानगी आहे का?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मंजूर उपचार सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त चाचणीतच करता येतो. चाचणीच्या नावाखाली कोणी लाखो रुपये मागत असेल तर थांबा.

आज काय करायचे?

विडी, सिगारेट, तंबाखू पूर्ण बंद करा. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलची औषधे मनाने बंद करू नका. चालताना पोटऱ्या दुखतात आणि थांबल्यावर बरे वाटते, किंवा पायाची जखम भरत नाही, असे असेल तर घाटी रुग्णालयात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे लवकर दाखवा. पाय अचानक थंड, पांढरा पडला किंवा छातीत दाब आला तर लगेच आपत्कालीन विभाग गाठा. इंजेक्शनची वाट पाहण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.