पाचटाची काडी

ऊस तुटला की फडात वाळल्या पानांचं पाचट उरतं, हेक्टरी साधारण आठ-दहा टन. मग संध्याकाळी कोणीतरी काडी ओढतं. रान मोकळं होतं, पाण्याला सरी सापडते, सापाची भीती जाते. शेतकऱ्याचं चुकतं असं पटकन म्हणवत नाही. मजूर मिळत नाहीत आणि त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या खोडव्याची घाई असते.

पण जळतं ते काय? पाचटात सुमारे अर्धा टक्का नत्र असतं. म्हणजे हेक्टरी चाळीस-पन्नास किलो, त्यातलं बहुतेक धुरावाटे हवेत. पालाश राखेत उरतं. सेंद्रिय कर्ब मात्र जातो, आणि तोच तर मातीतल्या जिवांचा शिधा! गांडुळं, बुरशी, जिवाणू त्यावर जगतात. त्यांच्या चिकट स्रावांनी मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, माती भुसभुशीत होते, पाणी मुरतं. चार्ल्स डार्विनने 1881 साली गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं, ते उगाच नाही.

पाचट ठेवलं तरी एक मेख आहे. त्यात कर्ब भरपूर, नत्र तुटपुंजं. कुजवणारे जिवाणू कमी पडलेलं नत्र मातीतून उसनं घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. 'पाचट ठेवून तोटाच झाला' ही तक्रार बहुधा इथलीच. म्हणून पाचट सरीत दाबून, बुडखे उघडे ठेवून, वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकतात. पाणी दिलं की उसनवारी भागते. मग आच्छादनाखाली तणही फारसं डोकं वर काढत नाही.