विटा कोणाच्या, घर कोणाचं?

मुलांनो, पनवेलहून खंडाळ्याचा घाट चढलात की लोणावळ्याच्या पुढचं स्टेशन मळवली. भाज्याची लेणी बघायला इथेच उतरतात. २००६ साली दिवाळीनंतर याच मळवलीत जगभरातून सुमारे दोन हजार पाहुणे आले. लेणी बघायला नव्हे हं, गवंडीकाम करायला! हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेने गरीब कुटुंबांसाठी १०० घरं बांधायला घेतली होती. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर तेव्हा ८२ वर्षांचे, तेही कामाला हजर. अशा कामाला परदेशी मंडळी बहुतेक पदरमोड करूनच येतात. ज्यांची घरं, ती माणसंही त्यांच्या बरोबरीने राबली.

कार्टरना ही सवय घरातूनच असावी. त्यांच्या आई लिलियन १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, आपल्या विक्रोळीत येऊन दवाखान्यात नर्स म्हणून काम करत होत्या. (तुमच्या आजीला हे जरूर सांगा!)

आता घाट उतरून खाली येऊ. घर म्हटलं की विटा आल्या. त्या कोण बनवतं?

आपल्या रायगड जिल्ह्यातली अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वाडीतल्या झोपडीला कडी घालून वीटभट्टीवर जातात. पूर्वी ही माणसं खैराच्या झाडापासून कात काढायची, त्यावरून कातकरी. जंगल हातचं गेलं, स्वतःची जमीन नाही, भातकापणी संपली की गावात काम नाही. मग पावसाळ्यात पोट भरायला भट्टीमालकाकडून उचल घेतात आणि ती फेडायला सहा-सात महिने विटा थापतात. मजुरी हजार विटांमागे. हिशेबात उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. पहाटे अंधारात चिखल तुडवायचा, साच्यात भरायचा, ओळीने विटा मांडायच्या. विटा उलटून वाळवायचं काम बरेचदा तुमच्याएवढी मुलं करतात.

आणि राहायचं कुठे? भोंग्यात. भोंगा म्हणजे नुसत्या एकावर एक रचलेल्या विटांच्या भिंती, वर पेंढा नाहीतर पत्रा. भट्टी संपली की भोंगाही मोडला.

आम्हा शिक्षकांना हे हजेरीपटावर दिसतं. दिवाळीची सुट्टी संपते आणि काही नावांपुढे गैरहजेरीच लागत जाते. १९९० च्या दशकात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच 'भोंगाशाळा' भरवल्या. २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदाही लागू आहे. जिथे आईबाप कामाला जातील तिथल्या शाळेने मुलाला वर्षाच्या मध्येही दाखल करून घ्यायला हवं. जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. पालकांनो, तुमच्या ओळखीत असं कुटुंब असेल तर त्यांना हे सांगा. बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

आणि मुलांनो, जानेवारीत एखादा नवा मुलगा तुमच्या वर्गात आला, तर त्याला बाक द्या, मागचे धडे दाखवा. हजाराच्या हिशेबात मात्र त्याच्याशी पैज लावू नका. हरायला होईल!