लीलावतीची समजूत

'समजूत' हा मराठीतला मोठा सोयीचा शब्द आहे. कोणी रडू लागले की त्याची समजूत काढतात, आणि खरेखोटे न तपासता जे मनात धरून ठेवतात त्यालाही समजूतच म्हणतात. हे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी पाहायचे असतील, तर भास्कराचार्यांच्या लीलावतीची गोष्ट आठवावी.

ती तुम्हीही लहानपणी ऐकली असेल. लीलावतीचे लग्न व्हायचे तर एकच मुहूर्त साधायला हवा होता. त्यासाठी घटिकापात्र मांडले. पोर कुतूहलाने त्यात डोकावली, अंगावरच्या दागिन्यातला मोती नकळत आत पडला, पात्राचे छिद्र बुजले आणि मुहूर्त टळला. मग बापाने तिची समजूत काढली, की तुझ्या नावाने मी असा ग्रंथ लिहितो की तो पुढे शतकानुशतके वाचला जाईल.

गोष्ट गोड आहे. मात्र मूळ ग्रंथ ११५०चा, आणि ही गोष्ट आपल्याला मिळते ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात. खुद्द ग्रंथात तिचा मागमूस नाही. लीलावती भास्कराचार्यांची मुलगी, पत्नी की शिष्या, हेही तिथे कुठे सांगितलेले नाही. तिथे आहे ती एक बुद्धिमान मुलगी. आचार्य तिला भुंग्यांच्या थव्यांची, मोराची आणि सापाची गणिते घालतात, आणि 'तू बाईमाणूस, तुला सोपे देतो' असे एकदाही म्हणत नाहीत. आपण मात्र आवडीने धरून ठेवली ती मोत्याची गोष्ट. गणित हे लग्न हुकलेल्या मुलीचे सांत्वन, अशी आपली समजूत! लग्न जमले असते, तर लीलावतीला त्रैराशिकाशी काय करायचे होते?

माझी आत्या जुन्या अकरावीला होती, तेव्हा तिच्या शाळेत मुलींना गणिताऐवजी गृहशास्त्र घेण्याची सवलत होती. सवलत हा शब्द पाहा. आजारी माणसाला द्यावी तशी ती दिलेली असे. तिला लहानपणी पावकी, निमकी, दिडकी, थेट औटकीपर्यंत सारे तोंडपाठ करायला लावले होते. वाण्याची चूक ती त्याची बेरीज पुरी होण्याआधी काढी. स्वेटर विणताना गळ्याचे टाके किती कमी करायचे, हा हिशेब बोटांवर चाले. तरी "मला बाई गणितातले काही कळत नाही," हे वाक्य मी जन्मात सर्वांत जास्त वेळा ऐकले ते तिच्याच तोंडून. पुढे हंसाबेन मेहतांच्या समितीने आणि १९६६च्या कोठारी आयोगाने मुलामुलींच्या अभ्यासक्रमात असा भेद नको, असे स्पष्ट सांगितले. पण तोवर आत्याच्या पिढीची शाळा संपली होती.

आता एका बहिणींच्या जोडीकडे वळते. दुर्गाबाई भागवत माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतात. 'ऋतुचक्र' नाही वाचले तरी १९७५च्या कऱ्हाडच्या संमेलनाध्यक्षा म्हणून नाव ऐकलेले असते. त्यांची पाठची बहीण कमला, लग्नानंतरच्या कमला सोहोनी, हे नाव घेतले की वर्ग माझ्याकडे कोऱ्या चेहऱ्याने पाहतो. याचा दोष वर्गाला देता येत नाही. आम्ही मराठीवाले शास्त्रज्ञांना आमच्या पंगतीला कधी बसवतो?

कमलाबाईंनी १९३३मध्ये मुंबई विद्यापीठाची रसायन आणि भौतिक या विषयांतली बी.एस्सी. मिळवली आणि बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज केला. वडील नारायणराव आणि काका माधवराव त्याच संस्थेत शिकलेले. त्यामुळे घरात कोणाला शंकाच नव्हती. परंतु संचालकपदावर त्या वर्षी सर सी. व्ही. रामन आले होते, आणि त्यांनी अर्ज नाकारला. कारण गुणांचे नव्हते. संशोधन हे बायकांचे काम नव्हे, हे कारण.

जगाने नोबेल देऊन ज्यांची बुद्धी वाखाणली त्यांची ही समजूत! प्रकाश कसा विखुरतो हे रामन प्रयोग करून ठरवत; स्त्रीच्या बुद्धीबद्दलचा निर्णय मात्र त्यांनी प्रयोगाशिवाय दिला.

कमलाबाई बंगलोरला गेल्या आणि हटून बसल्या. तो काळ सत्याग्रहाचा होता, आणि त्यांनी तेच हत्यार उचलले. शेवटी प्रवेश मिळाला, पण तीन अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरले जाणार नाही, काम पाहून मग ठरवू. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करावे लागेल. आणि प्रयोगशाळेतले वातावरण बिघडवायचे नाही.

या तिसऱ्या अटीपाशी मी नेहमी थांबते. पहिल्या दोन अटी निदान कामाविषयी तरी आहेत. तिसरी मुलांच्या मनाविषयी आहे, आणि ती पाळायची मुलीने!

त्यांनी तिन्ही पाळल्या. मार्गदर्शक श्रीनिवासय्या कडक, पण न्यायी होते. वर्षाअखेर रामन यांनी काम पाहिले आणि पुढची वाट मोकळी केली. १९३६मध्ये एम.एस्सी. झाल्यावर कमलाबाई केंब्रिजला सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. तिथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' असते, हे त्यांनी दाखवले. चौदा महिन्यांत काम पुरे, प्रबंधाची पाने अवघी चाळीस! (आमच्या मराठीच्या प्रबंधांची पाने मी इथे सांगत नाही.) १९३९मध्ये त्या परतल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी डाळी, कडधान्ये आणि नीरा यांवर केलेले काम गोरगरिबांच्या ताटाशी जोडलेले होते. रामन मोठे शास्त्रज्ञ, पण या बाबतीत मनाने कोते होते, हे त्यांनी म्हातारपणीही जाहीर सभेत स्वच्छ सांगितले.

१९४०मध्ये याच रामन यांच्या प्रयोगशाळेत ॲना मणी आल्या. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणे हिऱ्यांची कुडी मिळायची, तर या मुलीने 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका' मागून घेतला. पुढे हिऱ्यांचा अभ्यास केला तो असा, प्रकाशाच्या झोतात ठेवून. प्रबंध १९४५मध्ये लिहून झाला, पण जवळ एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. १९४८मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या, आणि पाऊस, वारा, ऊन मोजणाऱ्या शंभरेक उपकरणांचे प्रमाणित आराखडे त्यांच्या देखरेखीखाली इथेच तयार झाले.

आता दिवस बदलले म्हणतात, आणि बदललेही आहेत. २०२१-२२च्या सरकारी पाहणीत देशातल्या विज्ञानशाखेच्या ५७.२ लाख विद्यार्थ्यांत २९.८ लाख मुली होत्या. निम्म्याहून जास्त! मग प्रत्यक्ष संशोधनाच्या कामात किती? २०१८चा आकडा शेकडा १६.६ असा आहे. गणितासाठीचा भटनागर पुरस्कार २०२२पर्यंत स्त्रियांना मिळाला तो तिघींना: १९८७मध्ये परिमला, २००४मध्ये सुजाता रामदोराई, २०१९मध्ये नीना गुप्ता. वर्गात बसलेल्या बाकीच्या मुली मध्येच कुठे जातात, हे मराठीच्या प्राध्यापिकेला कोणी विचारत नाही. पण आहेराची पाकिटे मीही भरते.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन झाले. तक्त्यांवरचे मराठी तपासायला मला बोलावले होते. एका टेबलावर तीन मुली आणि एक मुलगा. पर्जन्यमापक मुलींनी बनवलेला, टेबलापुढची रांगोळीही त्यांचीच. पाहुण्यांना माहिती सांगत होता मुलगा, कारण "तो बोलतो छान". पाहुणे पुढे गेल्यावर मी त्यांतल्या एकीला विचारले, पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात ग, लिटरमध्ये का नाही?

"एकच की, मॅडम. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी." आणि मग नरसाळ्याचा व्यास, बाष्पीभवन, गच्चीवर उपकरण ठेवले तर होणारी चूक, असे पंधरा मिनिटे ती न थांबता सांगत राहिली.

ती तृतीय वर्षाला होती. लग्न ठरले आहे, असे निघताना कळले. मी विचारले, "आणि एम.एस्सी.?"

"त्यांच्या घरचे हो म्हणालेत," ती रांगोळीचा डबा बंद करीत म्हणाली. "फक्त पहिले वर्ष जाऊ दे, मग बघू म्हणाले."