बैलाचे खाणे घोड्याला सोसत नाही

एकेकाळचे जमीनदारीचे कामठा आज गोंदिया जिल्ह्यातले धानाच्या बांध्यांचे गाव. इथल्या मुलखात तणस, कोंढा आणि लाखोरी मुबलक. बैल रवंथ करून त्यातले पुष्कळसे पचवतो. घोड्याला रवंथ नाही, उलटीही होत नाही आणि एवढ्या थोरल्या जनावराचे जठर अवघे 8 ते 15 लिटरचे! वरातीत कौतुकाने दिलेले परातभर दाणे मग पोटशूळ होऊन उठतात, कधी खुरांत उतरतात.

घातक ती लाखोरी. उभ्या धानात ओलीवर फेकून घेतलेले हे कडधान्य घोड्याच्या पोटात दीर्घकाळ जात राहिले, तर मागचे पाय लुळे पडतात. कंठ आखडून धावताना घरघर लागते. माणसांनाही ती पांगळे करते म्हणूनच 1961 साली केंद्राने तिच्या विक्रीवर बंदी घातली होती.

नुसता कोंढाही नको, त्याने हाडे पोकळ होतात. मुख्य आहार बुरशी नसलेले वाळले गवत. वर भिजवलेला हरभरा, तोही थोडा थोडा. दाणा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. अंगावर गांधी उठल्या तर नवा जिन्नस आधी बंद करावा. आणि घोडा सारखा पोटाकडे वळून पाहू लागला, लोळू लागला, तर हिंग-ओवा शोधत बसू नये; दाणा उचलून सरळ पशुवैद्यकाला बोलवावे.