समर्थकांची वही आणि संकेतस्थळाचा फळा

1956 साली राज्यपुनर्रचना झाली आणि हैदराबाद राज्यातील भालकी, औराद, आळंद हे भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने कलम 350 अ आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी राज्यांनी पुरेशा सोयी कराव्यात, असे ते सांगते. परंतु गावात मराठी वर्ग मागावयाचा, तर पाठीशी किती पालक आहेत, हे दाखवावे लागते.

पूर्वी हे काम सह्यांच्या वहीवर चाले. आज त्यासाठी संगणकप्रणाली आहेत. ‘सिव्हीसीआरएम’ ही विनामूल्य प्रणाली समर्थकांचे नाव, गाव, सभेतील उपस्थिती व पत्रव्यवहार नोंदते. ‘वर्डप्रेस’ किंवा ‘ड्रुपल’ संकेतस्थळावरील मजकूर सांभाळते. पहिली वही, तर दुसरा शाळेबाहेरचा फळा. दोन्ही जोडल्या, की संकेतस्थळावर भरलेला अर्ज आपोआप वहीत उतरतो.

आपल्या सीमाभागात एक अडचण विशेष आहे. एकच पालक आपले नाव कधी मराठीत, कधी कन्नडात, कधी रोमन लिपीत लिहितो आणि यंत्राला तीन माणसे दिसतात. उलट, घरातील चौघांचा दूरध्वनी क्रमांक एकच असतो. म्हणून नाव, गाव व क्रमांक माणसानेच ताडून पाहावेत. फुगवलेली एक संख्या खऱ्या मागणीलाही संशयास्पद करते.

आणि वही कधीही फळ्यावर उतरवू नये. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याचा हक्कही दिला आहे. पालकाने नाव दिले ते विश्वासाने. तो विश्वास कोणतीही प्रणाली आपणहून राखीत नाही.